दुपारी अडीचचा तास

दुपारी अडीचचा तास कुणाच्या नशिबी येऊ नये. त्यातून बुधवार. म्हणजे मेसमध्ये मटण. तांबडा-पांढरा रिचवून, 75 टक्के हजेरीच्या धाकानं पोरं वर्गात येतात आणि समोर मी, अर्थशास्त्रातली 'मागणीची लवचिकता' घेऊन, म्हणजे भाव वाढला की मागणी किती घटते ते. पहिल्या बाकावर निघालेली जांभई शेवटच्या बाकाला शिवून परत येते ती थेट माझ्या तोंडात.

'विद्यार्थ्यांचा कंटाळा कसा घालवावा' या विषयावरच्या कार्यशाळेला मला याचसाठी धाडलं होतं. वक्त्यांनी पडद्यावरची अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. मी छान झोपलो. मात्र डोळा लागायच्या आधी एक गोष्ट कानावर पडली. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर 1991 पासून व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकतात. आधी प्रत्येकानं आपापलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत द्यायचं. ज्याला नुकतंच समजलंय, त्याला दुसरा कुठं अडलाय हे मास्तरापेक्षा बरं कळतं.

म्हटलं, करून तर बघू. फळ्यावर लिहिलं : मिसळ 80 ची 100 झाली, तर गल्ला वाढेल की घटेल? हात वर झाले. निम्मे इकडं, निम्मे तिकडं. "आता शेजाऱ्याला पटवा," म्हणालो.

कोल्हापुरात हे वाक्य जपून वापरावं. दोन मिनिटांत वर्गाचं शाहू स्टेडियम झालं. "शंभर रुपये देऊन कोण खातंय रं?" "तू फुकट खातोस, तुला काय कळतंय!" ब्रेडच्या स्लाइस दोन की तीन, यावरून वेगळीच चकमक पेटली. त्या गदारोळात एक मुलगी वहीत आकडेमोड करत होती. उठून म्हणाली, "सर, शंभर प्लेटींच्या ऐंशी झाल्या तरी गल्ला आठ हजारच. वर वीस प्लेटींची मटकी वाचली!"

महिनाभर मी हेच सूत्रात सांगत होतो. मटकी माझ्या डोक्यातच आली नव्हती.

तेवढ्यात शिपाईमामा दारात. "साहेब इचारत्यात, भांडण कुणाचं लागलंय?"

"लवचिकतेचं," मी म्हणालो. मामांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

एवढ्या गोंगाटात शेवटच्या बाकावरचा आमचा कायमचा झोपाळू जागा झाला होता. वर्षभरात पहिल्यांदाच त्याचा हात वर आला.

"सर, आमचीच मिसळीची गाडी हाय. मागच्या वर्षी दहानं वाढवली. गिऱ्हाईक एक बी कमी झालं न्हाई."

"वा! म्हणजे मागणी अलवचिक," मी खडू उचलला.

"पन कट तीन-तीनदा मागाय लागलं की! त्यो कुठं धरायचा?"

अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता. एकालाही जांभई येत नव्हती. मी फळा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिलो.