स्टीअरिंग घूं करतंय म्हणजे पंप गेला, असं नसतं

जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगबद्दलचा एक मेसेज सध्या साताऱ्यात ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर येतोय. त्यात थोडक्यात असं म्हटलंय : स्टीअरिंग वळवताना आवाज आला की पंप गेला समजा. नवा पंप महाग, म्हणून आधी टाकीत मिळेल ते ऑइल भरा, ब्रेक ऑइलही चालतं. गाडीखाली डाग नसेल तर लिकेज नाही. हवा काढायला स्टीअरिंग एका बाजूला फुल्ल दाबून मिनिटभर धरा. एवढं करूनही आवाज राहिला तर काळजी नको, जुन्या गाडीला आवाज असतोच.

यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही, आणि त्यातल्या दोन सल्ल्यांनी गाडीचं सरळ नुकसान होतं. आपल्याकडे जुन्या इंडिका, क्वालिस, बोलेरो, स्कॉर्पिओ अजून यवतेश्वरच्या आणि पसरणीच्या घाटात रोज चढतात-उतरतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. सगळं बोलणं ऑइलवर चालणाऱ्या स्टीअरिंगबद्दल आहे, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप ऑइलाला दाब देऊन स्टीअरिंग हलकं करतो त्याबद्दल. स्विफ्टसारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर असते. तिथे ना टाकी, ना पंप, त्यामुळे हा मेसेज त्या गाड्यांना लागूच होत नाही.

‘आवाज आला की पंप गेला.’ सगळ्यात जास्त पैसे याच वाक्यापायी जातात. आवाज कसला आहे आणि कधी येतो, हे आधी ऐकायला हवं. गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि कुणाला तरी स्टीअरिंग हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा. तुम्ही बॉनेटपाशी थांबा. गाडी उभी असताना आवाज येतच नसेल, खड्ड्यातून जाताना ठक-ठक होत असेल, तर टाय रॉड (चाक वळवणारा दांडा), रॅकचे (स्टीअरिंग फिरवलं की आडवा सरकून ते दांडे ढकलणाऱ्या भागाचे) बूश, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे) बूश बघा. पूर्ण कट मारून चालत्या गाडीत कट-कट ऐकू येत असेल आणि गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असेल, तर एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर संशय घ्या. या दोन्हींशी पंपाचा काही संबंध नाही. सकाळी गाडी सुरू केल्या केल्या, किंवा पावसात, स्टीअरिंग शेवटपर्यंत नेल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर तो बेल्ट घसरतोय. बेल्ट झिजलाय, सैल आहे किंवा त्यावर ऑइल पडलंय, एवढं तपासा. त्यावर साबण किंवा मेण घासू नका, आणि वाटेल तेवढा ताणूही नका, जास्त ताणाने पंपाचं बेअरिंग जातं. स्टीअरिंग शेवटाला टेकल्यावर येणारी नुसती ‘फस्स’ मात्र बिघाड नव्हे. दाब वाढला की पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज.

राहिला तो लांबट ‘घूं’. तो वळवताना वाढतो आणि रेस दिली की चढतो. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात हाच आवाज असणार. पण याचंही पहिलं कारण बहुतेक वेळा पंप नसतो, ऑइल कमी झालेलं असतं किंवा ऑइलात हवा शिरलेली असते. पंपात एक रोटर फिरतो, त्याच्या खाचांमधली पाती बाहेर सरकून कडेच्या रिंगला घासत ऑइल ढकलतात. ऑइलाबरोबर बुडबुडे आले की दाबाखाली ते फुटतात आणि पंप ओरडतो. टाकीचं झाकण काढून टॉर्च मारा. ऑइल फेसाळलेलं, दुधाळ दिसलं तर हवा कुठून शिरते ते शोधायचं, पंप खोलायचा नाही.

माझ्या मावसभावाची कोरेगावला एक जुनी डिझेल गाडी आहे. तिचा पंप एका गॅरेजमध्ये बदलला आणि गाडी घरी येईपर्यंत आवाज परत सुरू. टाकीतून पंपाकडे जाणारा रबरी पाईप बोटांनी दाबून पाहिला तर दबेचना, आणि क्लिप सरकवल्यावर तिच्याखाली बारीक भेगा. त्या पाईपमधून पंप ऑइल ओढतो. तिथे दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे भेगेतून ऑइल बाहेर फारसं येत नाही, हवा मात्र आत जाते. नवा पंपही तीच हवा ओढत होता. पाईप आणि क्लिप बदलून हवा काढली आणि गाडी शांत झाली. अशी जागा पकडायची एक सोपी युक्ती आहे : इंजिन चालू असताना, हात आणि बाही बेल्टपासून लांब ठेवून, त्या जोडावर तेच स्टीअरिंग ऑइल थोडं लावा. आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथूनच जाते. पंपाच्या तोंडाशी असलेली रबरी रिंगही वयाने कडक होते, आणि काही टाक्यांच्या तळाला असलेली जाळी गाळाने बुजते. त्या दोन्ही तपासल्याशिवाय पंपाला हात लावू नये.

पंप खरंच जातो, नाही असं नाही. स्टीअरिंग वळवा किंवा सरळ ठेवा, घरघर तेवढीच राहिली तर बेल्ट काढून इंजिन थोडा वेळ चालवून बघा. त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर अर्ध्या मिनिटाच्या वर नको. आवाज थांबला तर पुल्या एकेक करून हाताने फिरवा. जी खरखरीत लागेल तिचं बेअरिंग गेलंय, मग ती पंपाची असो, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची किंवा बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची.

‘मिळेल ते ऑइल भरा, ब्रेक ऑइलही चालतं.’ हे अजिबात करू नका. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, स्टीअरिंगमधली रबरी सीलं खनिज तेलासाठी बनवलेली असतात. ब्रेक ऑइलने ती फुगतात, मऊ पडतात आणि पंपापासून रॅकपर्यंत सगळीकडे गळती लागते. चुकून पडलंच असेल तर इंजिन सुरू न करता टाकीतून उपसून काढा आणि पाईप धुऊन घ्या. इंजिन ऑइल सीलांना तेवढं मारत नाही, पण ते जाड असतं. डिसेंबरातल्या महाबळेश्वरच्या पहाटे ते पंपापर्यंत नीट पोचतच नाही आणि आवाज उलट वाढतो. बऱ्याच जुन्या गाड्यांना लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लागतं, होंडाला तिचं स्वतःचं, काही जर्मन गाड्यांना हिरवं. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते वाचून तेच आणा.

‘खाली डाग नाही म्हणजे लिकेज नाही.’ ओढीच्या पाईपचं वर आलंच आहे. दुसरी लपलेली जागा म्हणजे रॅकच्या दोन्ही टोकांची घड्यांची रबरी बुटं. आतलं सील गेलं की ऑइल बुटात साठतं, जमिनीवर थेंबही पडत नाही. बूट हाताने दाबा, जड आणि पचपचीत लागलं तर क्लिप सोडून बघा. आतून लाल ऑइल आलं तर टाकी वारंवार का उतरते ते कळलं. बंद सिस्टीममधलं ऑइल पेट्रोलसारखं खर्च होत नाही, कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलंय.

‘फुल्ल दाबून मिनिटभर धरा.’ हवा अशी निघत नाही. फुल्ल लॉकला दाब कमाल चढतो, तेच ऑइल पंपात फिरत राहतं आणि झपाट्याने तापतं. पाच सेकंदांपेक्षा जास्त तिथे धरूच नये. हवा काढायची तर पुढची चाकं जॅकवर उचलून स्टँड लावा, इंजिन बंद ठेवा आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा. मधेमधे टाकी भरत राहा. मग इंजिन सुरू करून तसंच थोडं फिरवा. फेस उरला तर गाडी रात्रभर उभी ठेवा, बुडबुडे आपोआप वर येतात.

‘जुन्या गाडीला आवाज असतोच.’ वाढत जाणारा आवाज वयाचा नसतो. हवा ओढत राहिलेला पंप आतून घासतो, त्याचा धातूचा चुरा रॅकमध्ये जातो, आणि जे काम पाईप-क्लिपवर भागलं असतं ते रॅकवर जातं. बेल्ट तुटला तर स्टीअरिंग एका क्षणात जड होतं. राजवाड्यापाशी पार्किंग करताना ते निभेल, पसरणीच्या वळणावर मागे एसटी असताना निभणं कठीण. आणि दाबाच्या, म्हणजे पंपातून रॅककडे जाणाऱ्या पाईपच्या जोडावर ओलावा दिसत असेल, शेजारून सायलेन्सरचा गरम पाईप जात असेल, तर तिथे उडालेलं ऑइल पेट घेऊ शकतं. असा ओलावा दिसला तर गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.