पोट : सपाट, मध्यम की गोल?

शर्ट घ्यायचा म्हणजे दारव्ह्याला शेठजींचं दुकान, हे आमच्या घरात ठरलेलं. चपला बाहेर, गादीवर मांडी, अर्धा कप चहा आणि शेठजींची एक नजर. गळ्यातला टेप नुसता शोभेला. "बेचाळीस. मागच्या साली चाळीस होता भाऊ, कापसाले भाव भेटला वाटते!" पैसे अर्थातच पुढचा कापूस विकल्यावर.

यंदा भाच्याच्या लग्नासाठी पुतण्यानं मोबाइल पुढे केला. "काका, ॲपवर घ्या ना. थे माणूस पाहून माप सांगते."

पाहून कसलं, विचारून! उंची विचारली. वजन विचारलं, ते मी कापसाच्या काट्यावर करून आलो, बारदाना वजा न करता. मग तीन चित्रं आली. पोट : सपाट, मध्यम की गोल? घरात सभाच भरली. बायको क्षणाचाही विचार न करता "गोल" म्हणाली. आई म्हणाली, "काहून वं? वाळला माहा पोरगा." पुतण्यानं मोबाइल माझ्या पोटाशेजारी धरून चित्र पडताळलं. मी "मध्यम" दाबलं.

भारतीय मापं ठरवायला निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं सहा शहरांतली २५,००० माणसं स्कॅनरनं मोजायला घेतली होती म्हणे. त्यात पार शिलाँग आहे, विदर्भातलं एकही शहर नाही. ज्वारीच्या भाकरीवर पोसलेलं पोट त्या यंत्रानं पाहावं कुठं?

शर्ट येईस्तोवर रोज मेसेज. "तुमच्यासारख्या ग्राहकांनी हेही घेतलं." काय, तर पळायचे बूट. माझ्यासारखी माणसं आमच्या गावात फक्त तुरीत रानडुक्कर शिरलं की पळतात, तेही अनवाणी.

शर्ट आला लग्नाच्या आदल्या दिवशी. वरच्या तीन गुंड्या लागल्या, चौथी श्वास रोखून. बदलायला वेळ कुठला? पहिल्या मंगलाष्टकाला तिनं तग धरला. पण अक्षता टाकायला हात वर केला आणि चौथी गुंडी सुटून थेट भटजींच्या ताम्हनात. टण्ण झालं. भटजींना वाटलं, मामानं दक्षिणा टाकली.

पंगतीत शेठजी समोरच होते. बुंदी वाढून घेता घेता त्यांनी एकदाच पाहिलं.

"भाऊ, आता चव्वेचाळीस लागते तुले. कोणापाशी खोटं बोलला बे?"

बायको वाकून म्हणाली, "मध्यम सांगतलं होतं ह्यांनी."