जादा पाटा का नको : एमजीबीच्या मागच्या उंचीवरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या 1967च्या एमजीबी या दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीची बसलेली मागची बाजू वर आणण्यासाठी मी काय काय केले, त्या लेखावर आपण अमळनेरहून पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : उजवी कमान (मागच्या चाकावरचा भार पेलणारी, एकावर एक पोलादी पाट्यांची स्प्रिंग) उतरली होती, म्हणजे तिचा बाक कमी झाला होता, तर गॅसने तापवून चढवायची किंवा एक जादा पाटा घालायचा, तासाभराचे काम होते, शिवाय जगभरचे एमजीबीवाले गाडी खाली घेत असताना मी ती वर का उचलली, आणि छायाचित्रात गाडी स्टँडवर असतानाच मी बुशचे बोल्ट आवळताना दिसतो, तेव्हा लेखातली मापे खरी कशी मानायची?

या शेवटच्या मुद्द्यात चूक सर्वस्वी माझी आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. पाट्याच्या पुढच्या टोकाला जे बुश असते, त्यातले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्के चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी जागीच जखडते आणि त्यानंतर पाटा जितका हलेल तितके रबर पिळले जाते. चाके लोंबकळत असताना मी बोल्ट आवळल्यामुळे गाडी जमिनीवर टेकताच ते रबर पिळले गेले आणि जास्तीच्या स्प्रिंगसारखे गाडीला वर ढकलत राहिले. खरे तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. डाव्या कमानीला मी हातही लावला नव्हता, फक्त बुश बदलले होते, तरी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे डावीकडचे अंतर 338 मिलिमीटरवरून 343वर गेले होते. आकडा मनासारखा आला की माणूस त्याची उलटतपासणी करत नाही, तसे माझे झाले.

गेल्या रविवारी गाडी सपाट फरशीवर उभी केली, बोल्ट सैल केले, मागून चार-सहा वेळा दाबून गाडी पुढेमागे ढकलली आणि चाकांवर पूर्ण वजन असतानाच बोल्ट पुन्हा आवळले. डावी बाजू 337वर आली, म्हणजे जवळजवळ मूळ जागी, आणि उजवी 340वरून 333वर. दुरुस्तीपूर्वी उजवी 320वर होती. म्हणजे वीस मिलिमीटर मिळाले असे जे मी लिहिले होते, त्यातले तेराच खरे होते.

जादा पाट्याबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. आपल्या पद्मिनी मोटारीला तो पाटा मानवला यात नवल नाही. मागच्या सीटवर तिघे आणि टपावर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी घेऊन चोपड्याच्या वाटेने जाणाऱ्या गाडीचा भारच वाढलेला असतो आणि वाढलेल्या भाराला ताठ कमान हेच उत्तर आहे. आमची गाडी दोन माणसांची. तिचा भार वाढलेला नव्हता, कमान उतरली होती, आणि या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. जादा पाटा उंची देतो तो ताठरपणा वाढवून. शिवाय पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुप्पट जाडीचा एक पाटा मूळच्या आठ पाट्यांइतका ताठ असतो. महामार्गावरच्या दुकानात ट्रकचा पाटा कापून घालतात तेव्हा नेमके हेच घडते. मग हलकी गाडी खड्ड्यावरून झेप घेते आणि शॉकॲब्सॉर्बर, जे या गाडीत जुन्या तऱ्हेचे तरफेचे आहेत, त्या जोराला पुरे पडत नाहीत. तोही जादा पाटा आपण म्हणता तसा एकाच बाजूला घातला, तर डावे-उजवे वागणे वेगळे होते, आणि कन्नड घाटाच्या वळणावर ते कळणे फार उशिराचे ठरेल.

गॅसचा मुद्दा राहिला. मी पाटेवाल्यांना कमी लेखले असे आपल्याला वाटले, पण ती कमान ज्यांनी चढवून दिली ते धुळ्याचे एक वयस्कर पाटेवालेच आहेत. सुरतेकडून नागपूरकडे आणि मुंबईकडून आग्र्याकडे जाणारे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे या कामात मुरलेले हात तिथे आहेत. त्यांनी आधी धड असलेली डावी कमान फरशीवर आडवी ठेवून तिच्या कडेने खडूने रेघ ओढली. मग उजवीचा मधला बोल्ट काढून पाटे सुटे केले आणि एकेक पाटा रुळाच्या दोन तुकड्यांवर टेकवून, थंडच, घणाच्या हलक्या ठोक्यांनी टोकाकडून मध्याकडे वाकवत नेला. दर पाच-सहा ठोक्यांनंतर तो खडूच्या रेघेवर ठेवून पाहत. मुख्य पाटा रेघेपेक्षा बोटभर जास्त वाकवला, कारण थंड वाकवलेला पाटा पुढे थोडा बसतोच. गॅसबद्दल मी विचारले तेव्हा वर न पाहताच म्हणाले, “लाल करशात ते पानी उतरी जाई, भाऊ.” यात सगळे आले. स्प्रिंगच्या पोलादाला पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, मग बेताच्या उष्णतेवर ठेवून त्याची लवचीकता साधलेली असते. गॅसने 700 अंशांच्या आसपास लालभडक केले की ती जाते. हवेत निवू दिले तर पाटा मऊ पडून पुन्हा बसतो आणि वर पाणी ओतले तर कडक होऊन तडकतो. भट्टीत एकसारखा तापवून, तेलात बुडवून पुन्हा नीट बेतावर आणणारे कारागीर आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता गाडी खाली घेण्याविषयी. एमजीबी 1962 ते 1980 या काळात बनली, पण 1974च्या अखेरीस अमेरिकेतील बंपरच्या नियमांसाठी तिला काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची इंचभर किंवा त्याहून थोडी अधिक वाढवण्यात आली. आपण वाचलेले लोक बहुतेक त्याच गाड्या मूळ उंचीवर परत आणत असतात. आमची क्रोम बंपरची आहे, ती मुळातच खाली आहे. कमान आणि ॲक्सल (मागची दोन चाके जोडणारा आडवा दांडा) यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून ती आणखी खाली घेता येईल. परंतु ठोकळ्याच्या उंचीइतके ॲक्सल वरच्या रबरी अडसराच्या जवळ जाते आणि क्लच झटक्यात सोडल्यावर ॲक्सल पिळून कमान वाकडी होण्याची प्रवृत्ती वाढते. आमच्या गल्लीतले गतिरोधक पाहता मला तो मोह कधी झाला नाही.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. या गाडीची सुमारे 54 लिटरची टाकी डिकीच्या खाली आहे. ती भरली की मागे चाळीस किलो वाढतात. माझी सर्व मापे अर्ध्या टाकीवरची आणि गाडीत कोणी नसतानाची आहेत. आपण आपल्या पद्मिनीची मापे कळवणार असाल तर हे दोन तपशील कृपया सोबत द्यावेत.

लेखातला तक्ता आज दुरुस्त केला आहे. जुने आकडे पुसलेले नाहीत, त्यांवर रेघ मारून शेजारी नवे लिहिले आहेत. उरलेल्या चार मिलिमीटरच्या फरकासाठी कमान आणखी चढवणार नाही. पाचशे किलोमीटर चालवल्यावर थंड वाकवलेली बाजू किती बसते ते आधी मोजेन आणि तो आकडाही त्याच तक्त्यात घालेन.