पंपाची भीती

दम्याच्या औषधाच्या पंपावरचा, म्हणजे इनहेलरवरचा, तुमचा लेख वाचला. 'इनहेलरची सवय लागते' हा गैरसमज आहे, असं त्यात लिहिलंय ते पटलं. आमच्या आईनं त्याच भीतीपोटी चार वर्षं गोळ्यांवर काढली. इकडं करवीर तालुक्यात गुऱ्हाळं पेटली, फडात पाचट जाळायला लागले की तिची छाती वाजायलाच लागायची. शेवटी डॉक्टरांनी हिशेबच मांडला: साल्ब्युटामॉलची (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची) गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची, पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे फक्त 0.1 मिलिग्रॅम, तेही थेट श्वासनलिकेत. मग ऐकलं. आता पंपाला स्पेसर (औषध ओढून घ्यायची पोकळ नळी) लावून घेते, सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरते (नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात).

एक मात्र लेखात राहिलं. सर्दीत हुंगायची मेंथॉलची कांडी म्हणजे हा इनहेलर नव्हे. तिनं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, सूज उतरत नाही. आमच्या गल्लीत दम्यालाही तीच हुंगणारे आहेत!