‘चार खापरांसाठी’ खाण अडवायची का? परळीकरांना उत्तर

परळीकर, नमस्कार.

वर्धा खोऱ्यात नवी कोळसा खाण काढण्याआधी पुरातत्त्वीय पाहणी सक्तीची करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच झाडलंत. तुमचं म्हणणं असं: ‘मराठवाड्यात कोळशाचा खडा नाही, आपलं परळीचं थर्मल वीज केंद्र बाहेरून येणाऱ्या कोळशावर चालतं, आणि तुम्ही इथं बसून चार खापरांसाठी खाणी अडवायला निघालात. यादीतलं स्मारक असेल तर कायदा आहेच. जमिनीत मोलाचं काही असलंच तर खोदताना सापडेल. आणि पाहणीचा खर्च कुणाच्या खिशातून?’

कोळशाचं खरंय. आपल्या पायाखाली बेसाल्ट, कोळसा तिकडं गोंडवन खडकांत. पण तो जळतो परळीच्या बॉयलरमध्ये, तेव्हा तो काढताना काय उकरलं जातं हे आपण विचारलं तर आगाऊपणा होत नाही. यावर जास्त ताणत नाही.

‘खोदताना सापडेल’ हे मात्र पटण्यासारखं नाही. उघड्या खाणीत कोळशावरची माती आणि खडक आधी काढून टाकतात. तिथली माणसं त्याला नुसतं ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात. जुन्या वस्तीच्या खुणा बहुतेक वेळा वरच्या काही मीटरांतच असतात, म्हणजे सगळ्यांत आधी त्याच जातात. बकेटमधून डंपरमध्ये, डंपरमधून ढिगावर. केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरनं त्यात खापर कसं ओळखायचं? आणि ओळखलंच, तर मशीन थांबवायचा अधिकार त्याला कुणी दिलाय?

बरं, समजा सापडलं. आपल्याकडं जुन्या पांढरीची, म्हणजे ओसाड गावठाणाच्या टेकाडाची, माती धाब्याच्या छपरावर आणि शेतात टाकायला पिढ्यानपिढ्या नेतात. हल्ली जेसीबी लावून अख्ख्या गढ्या ट्रॉलीत भरल्या जातात. अशा कापलेल्या कडेजवळ उभं राहून बघा. वर सैल माती, मग राखेचा करडा पट्टा, त्याखाली चोपलेली जमीन, तिच्यावर सारवणाची बोटभरही नसलेली रेघ, आणि त्या रेघेत आडवं अडकलेलं काळं-तांबडं खापर. ते तिथं आहे तोवर कोणती चूल आधीची, कोणती नंतरची, हे कळतं. ट्रॉलीत पडलं की ते खरंच तुम्ही म्हणता तसलं खापर होतं.

तेरला, जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय पाहिलंय का? अप्रतिम वस्तू आहेत. पण त्यांतल्या कितीतरी पावसानं उघड्या पडलेल्या, शेतातून गोळा केलेल्या. त्या कोणत्या थरातल्या ते आता सांगता येत नाही. लामतुऱ्यांनी त्या जपल्या नसत्या तर त्याही गेल्या असत्या. भोकरदनला १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी रीतसर उत्खनन केलं, थर नोंदले, म्हणून तिथल्या सातवाहनकाळाबद्दल बोलायला काही आधार आहे.

आता कायदा. १९५८चा केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१०ची दुरुस्ती मिळून स्मारकाभोवती १०० मीटर मनाई आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हे संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागेलाच. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेतला अर्जही १५ किलोमीटरच्या आतली संरक्षित स्थळं विचारतो. पण कुणी पायी फिरून नोंदच केली नसेल तर यादीत काय येणार? रकान्यात ‘निरंक’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. विदर्भातल्या महापाषाणकालीन दगडी वर्तुळांचंच घ्या. नागपूरजवळच्या जुनापाणीला काही दगडांवर मुद्दाम कोरलेले छोटे खळगे आहेत. ते दाखवणारं कुणी नसेल तर बांधावर टाकलेले धोंडे वाटून माणूस पुढं निघून जाईल.

पाहणी म्हणजे फार मोठं काही नाही. माहितगार चार-सहा जणांनी ठरावीक अंतर सोडून एका रेषेत शेतं चालायची, नाल्यांचे काठ आणि विहिरींच्या कडा बघायच्या, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, शंका आली तिथं छोटा खड्डा घ्यायचा. कापूस-तूर उभी असताना जमीन दिसत नाही, म्हणून हे उन्हाळ्यात, नांगरटीनंतर. यानं कोणता प्रकल्प बुडतो?

जर्मनीत शोनिंगेनला लिग्नाइटच्या उघड्या खाणीत १९८३पासून पुरातत्त्वज्ञ यंत्रांच्या पुढं पुढं काम करत होते. १९९०च्या दशकात तिथं लाकडी भाले सापडले, किमान दोन लाख वर्षांपूर्वीचे. तेवढा तुकडा उभा ठेवून खाण भोवतीनं पुढं गेली. खाण २०१६पर्यंत चालू होती. म्हणजे वीजही मिळाली आणि भालेही.

उलटं उदाहरणही आहे, आणि ते तुमच्यापेक्षा मलाच जास्त टोचतं. ऑस्ट्रेलियात जुकान घळीतल्या गुहांमध्ये ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर होता. अभ्यास झाला होता, महत्त्व कळलं होतं. तरी मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीनं लोहखनिजासाठी त्या सुरुंगानं उडवल्या, तेही कायदेशीर परवान्यानं. कारण परवाना २०१३चा, आणि गुहांचं खरं मोल कळलं ते त्यानंतरच्या उत्खननात. पुढं गदारोळ झाला, कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं, गुहा काही परत आल्या नाहीत. म्हणून माझा सगळा जोर ‘आधी’ या अटीवर आहे. मंजुरी हातात पडल्यावर केलेली पाहणी फाइलला लावायच्या कामाची.

राहिला खर्च. पर्यावरण अहवाल प्रकल्पवालाच स्वतःच्या पैशानं करून घेतो, त्यातच हेही बसवायचं. फक्त माणसं नेमायची ती पुरातत्त्व विभागानं किंवा विद्यापीठानं, कंपनीनं नव्हे. जनसुनावणीआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. त्यात पाहणीचा नकाशाही लावा, एवढंच मी मागतोय. त्यावर खरोखर काही निघालं नाही, तर खाणीला पाठिंबा देणारी प्रतिक्रिया मी स्वतः लिहीन.