पैसे भरल्याने फाइल मिळते, हक्क मिळत नाहीत

डिजिटल चित्रे काढणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. विकत घेतलेले क्लिपआर्ट (तयार चित्रे), ब्रश (चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा किंवा आकार उमटवणारी फाइल) किंवा थ्रीडी मॉडेल आपल्याच मालकीचे होते, त्यात ३० टक्के बदल केला की कलाकृती पूर्णपणे आपली ठरते, मूळ कलाकाराचे नाव दिले की परवानगी लागत नाही, आणि लहान विक्रेत्यांची चौकशी कोणी करत नाही, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. माझ्या धाकट्या बहिणीने त्यावर विश्वास ठेवून, केवळ वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या क्लिपआर्टची स्टिकर विक्रीला काढण्याची तयारी केली, तेव्हा गप्प राहणे मला शक्य झाले नाही.

सर्वांत घातक दावा ३० टक्क्यांचा आहे. हा आकडा कोणत्या कायद्यातला, हे संदेशात कुठेही सांगितलेले नाही. जगातील बहुतेक देश ज्याला बांधील आहेत त्या १८८६ च्या बर्न करारात, म्हणजे कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, अशी कोणतीही टक्केवारी नाही. उलट त्याच्या १२ व्या अनुच्छेदानुसार कलाकृतीचे रूपांतर किंवा अन्य फेरफार करू देण्याचा अधिकार मूळ निर्मात्याचाच असतो. रंग बदलणे, चित्र उलटे करणे किंवा फुलाला दोन पाने जोडणे हाही फेरफारच आहे, आणि तो करण्याची मुभा परवान्यातूनच मिळावी लागते.

अमेरिकेतील एक प्रकरण या बाबतीत फार बोलके आहे. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी गायक प्रिन्स यांचे छायाचित्र १९८४ मध्ये एका मासिकाला ४०० डॉलरला, चित्रासाठी संदर्भ म्हणून आणि एकदाच वापरण्याच्या अटीवर दिले. त्यावरून प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी मासिकासाठीच्या चित्राखेरीज आणखी १५ कलाकृती केल्या, आणि त्यांपैकी एक २०१६ मध्ये वॉरहॉल यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने १०,००० डॉलर घेऊन एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी दिली. मूळ छायाचित्राचे रूप वॉरहॉल यांच्या हातून किती बदलले होते, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल त्या विशिष्ट वापरापुरता आहे, हे मान्य. पण वॉरहॉल यांच्यासारख्या चित्रकाराची शैलीही जिथे पुरेशी ठरली नाही, तिथे रंग बदललेले क्लिपआर्ट सुटेल असे कोणत्या आधारावर सांगितले जाते?

मालकीच्या दाव्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आपण विकत घेतो ती वापराची परवानगी असते आणि तिच्या मर्यादा परवान्यात लिहिलेल्या असतात. ब्रशच्या बाबतीत मात्र संदेशात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करावे लागते: ब्रशने स्वतः काढलेले चित्र विकायला बहुतेक परवाने हरकत घेत नाहीत. पण तयार फूल किंवा चेहरा उमटवणारा ब्रश क्लिपआर्टच्या जवळ जातो, आणि ब्रशची फाइल पुढे विकण्याची मुभा तर त्यातून मुळीच मिळत नाही.

श्रेय देणे ही काही परवान्यांतील एक अट आहे, परवान्याची जागा ते घेऊ शकत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कलाकारांनी ठरावीक अटींवर आपले काम सर्वांना वापरू देण्यासाठीच्या, ज्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई आहे, तिथे नाव कितीही ठळक छापले तरी ती मनाई उठत नाही.

राहिला ‘कोणी पाहत नाही’ हा दावा. तक्रार आली की ऑनलाइन बाजारपेठा विक्रीची नोंद काढून टाकतात, आणि तक्रार करणारी व्यक्ती अनेकदा आपल्यासारखीच एकट्याने काम करणारी कलाकार असते. म्हणून विक्रीपूर्वी परवान्यात नेमके पाहावे: व्यावसायिक वापर आहे का, किती प्रती विकता येतात, मागणीनुसार छपाईसाठी वेगळा परवाना लागतो का, आणि थ्रीडी मॉडेल केवळ संपादकीय वापरासाठी, म्हणजे बातमी किंवा लेखासोबत देण्यापुरतेच, तर नाही ना. विक्रेते अटी बदलू शकतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशीचा परवान्याचा मजकूर पावतीसोबत जपून ठेवावा.