केस गळाले नव्हते, उंदरांनी कुरतडले होते

गणपती जवळ आले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. यंदा तो भाच्याने पाठवला आणि मंडळाचा देखावा याच विषयावर करू या, असंही सुचवलं. संदेश असा: ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब. महाभारतात हजारो सूर्यांसारखा स्फोट झाला, वाचलेल्यांचे केस आणि नखं गळाली, बारा वर्षं पाऊस पडला नाही. अणुबॉम्ब बनवणाऱ्या ओपेनहायमरनेही हे मान्य केलं आणि मोहेंजोदडोत किरणोत्सारी सांगाडे सापडले.

आपल्या बडोद्यातल्या प्राच्यविद्या मंदिराने हस्तलिखितं ताडून पाहत वाल्मीकिरामायणाची सात खंडांची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात काढली. त्या गावच्या मराठी घरांतून हा संदेश न तपासता पुढे जातो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आधी केस-नखांचं बघू. हे वर्णन मौसलपर्वातलं, म्हणजे युद्धानंतर छत्तीस वर्षांनी द्वारकेत घडलेलं. यादवांच्या नाशापूर्वीचे अपशकुन तिथे सांगितलेत. रस्त्यांवर उंदीर माजले, मडक्यांना तडे गेले आणि रात्री झोपलेल्यांचे केस, नखं उंदीर खाऊ लागले. संदेश लिहिणाऱ्याने उंदीर तेवढे गाळले आणि उरलेलं कुरुक्षेत्रावर नेऊन ठेवलं.

सूर्यांची उपमा गीतेच्या अकराव्या अध्यायातली, ‘दिवि सूर्यसहस्रस्य’. ती विश्वरूपाच्या तेजाला दिलेली आहे, अस्त्राला नाही. आग, काळोख आणि होरपळलेलं सैन्य द्रोणपर्वात आहे खरं, पण तिथे अश्वत्थामा आग्नेयास्त्र सोडतो. एक अक्षौहिणी सैन्य जळतं, मग अर्जुन ब्रह्मास्त्र योजतो आणि क्षणात काळोख निवळून गार वारा सुटतो. म्हणजे ज्याला बॉम्ब म्हणतात, त्यानेच तिथे आग विझवली!

बारा वर्षांचा दुष्काळ सौप्तिकपर्वात येतो. ब्रह्मास्त्राच्याच जातीच्या एका ब्रह्मशिर अस्त्राला दुसऱ्या महास्त्राने मारलं तर त्या राष्ट्रात बारा वर्षं पाऊस पडत नाही, असं व्यास बजावतात आणि म्हणूनच अर्जुन समर्थ असूनही अश्वत्थाम्याचं अस्त्र मारत नाही. जो दुष्काळ टळला, तोच संदेशात पुरावा झालाय. शिवाय द्वादशवार्षिक अनावृष्टी महाभारतात इतरत्रही आहे. शांतिपर्वात विश्वामित्र कुत्र्याचं मांस खायला निघतात ते अशाच दुष्काळात, आणि तिथे कुणी अस्त्र सोडलेलं नाही.

ओपेनहायमर संस्कृत शिकला होता. १९४५च्या अणुचाचणीची आठवण सांगताना त्याने गीतेतला ‘कालोऽस्मि’ (मी काळ आहे) हा चरण उद्धृत केला. स्वतःच्या हातून काय घडलं, हे तो सांगत होता. प्राचीन बॉम्बबद्दल त्यात एक अक्षर नाही.

मोहेंजोदडोत चाळीसेक सांगाडे मिळाले, पण ते सगळे एका वेळचे नाहीत आणि स्फोटाची खूण कुठेच नाही. विटांच्या भिंती आजही उभ्या आहेत.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. बॉम्ब म्हटलं की अस्त्राचं अस्त्रपण जातं. अश्वत्थाम्याने उचललं ते गवताचं पातं. शक्ती होती मंत्रात. आणि सोडण्यापेक्षा मागे घेणं कठीण. व्रत न पाळणाऱ्याने परतवलं तर ते त्याचंच मस्तक कापतं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. अर्जुनाला स्वतःचं अस्त्र परतवता आलं, अश्वत्थाम्याला नाही. रामायणात रामाने ब्रह्मास्त्र कावळ्यावर सोडलं, तेव्हा कावळ्याचा फक्त एक डोळा गेला.

भाच्याला मी सुंदरकांडातला प्रसंग सुचवलाय. इंद्रजित ब्रह्मास्त्राने हनुमंताला बांधतो. राक्षस हौसेने वरून वल्कलांचे दोर आवळतात आणि त्या क्षणी अस्त्र सुटतं, कारण दुसरं बंधन ते सहन करत नाही. इंद्रजिताला ते कळतं आणि तो चिंतेत पडतो. हनुमंतालाही कळतं, तरी तो बांधल्यासारखाच रावणापुढे जातो. देखाव्याला दोर लागेल, पुठ्ठ्याची लंका लागेल. धुराचं यंत्र नको.